काळी पाचचा पखवाज

मयुरीचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात स्टुलावर उभा राहून चुलीवरच्या खुंटीला टांगलेला पखवाज खाली काढत होतो. आषाढाचे दिवस. आमच्या किनाऱ्यावर आषाढात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं, तिथे कातड्याची काय कथा! पावसाळाभर पखवाज उबेत टांगायचा, अधूनमधून काढून पुसायचा, थाप मारून बघायची आणि उतरला असेल तर हातोडीने ठोकून पुन्हा सुरात चढवायचा, हा माझा जन्माचा नेम. फोन बायकोने घेतला, ऐकला आणि माझ्यापाशी घेऊन आली. माझे दोन्ही हात अडकलेले, म्हणून तिनेच तो माझ्या कानाला लावला. "काका," मयुरी म्हणाली, "बाबा गेले." मी "बरं" म्हणालो. अशा वेळी माणूस काय बोलेल, काही सांगता येत नाही... "बरं" म्हणालो, खाली उतरलो, पखवाज मांडीवर घेऊन जमिनीवर बसलो आणि सवयीने कातड्यावरच्या काळ्या शाईवर थाप मारली. काळी पाच. अगदी स्वच्छ लागला होता. ज्याच्यासाठी लावून ठेवला होता तो माणूस तेवढ्यातच गेला होता.

ज्यांचा पेटीशी संबंध नाही त्यांना काळी पाच म्हणजे काय ते सांगायला हवं. पेटीच्या ज्या पट्टीला सा धरून गायचं, ती गाणाऱ्याची पट्टी. आमच्याकडचे भजनी बुवा काळी एक, काळी दोनमध्ये गातात. छातीत दम असलेला एखादा काळी तीन लावतो आणि मग आठवडाभर गावाला सांगत फिरतो. काळी पाच ही बायकांची पट्टी. शांताराम बुवा, म्हणजे मयुरीचा बाप, आमचा शांतू, तिथून सुरुवात करायचा. आणि गजर रंगला की शेवटी तिथूनही वर जायचा, इतक्या बारीक आणि निवळ आवाजात की तो आवाज याच माणसाचा आहे यावर नवख्याचा विश्वास बसत नसे. कारण बोलताना शांतूचा आवाज जाडाभरडा. वडिलांची पिठाची गिरण होती, ती पुढे त्याने चालवली. पट्ट्याच्या खडखडाटात गिऱ्हाइकांशी ओरडून बोलायची सवय. तोच माणूस डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला बसला, समोरच्या बुवाने आपला गजर संपवून झोकात पेटी बंद केली, की शांतू डोळे मिटायचा. आणि तो वर जाऊ लागला की मंडपातले लोक, सुईत दोरा ओवताना आपण श्वास धरतो ना, तसे गप्प व्हायचे. मी सगळा जन्म त्याच्या बाजूला बसून वाजवलं. मला तो आवाज कधी जुना झाला नाही. लाज न बाळगता सांगतो, देवळात बसून मी देवाचं नव्हे, त्याचं ऐकत होतो.

आम्ही एका वर्गात होतो, विजयदुर्गच्या अलीकडच्या खाडीकाठच्या गावात. वयात येताना आम्हा सगळ्यांचे आवाज फुटले. शांतूचाही फुटला, पण जुना आवाज काही गेला नाही. नवा खाली राहायला आला आणि जुना माळ्यावर तसाच राहिला. भजनाला बसलं की तो नकळत वर जायचा आणि पोरं "बायलो, बायलो" म्हणून खिदळायची. भजन शिकवणारे आमचे जुने बुवा कडक. ते म्हणायचे, "शांतू, ह्यो चोरटो आवाज. छातीतसून गा, नायतर गप बस." बहुतेक वेळा शांतू गप बसायचा. असाच तो गप राहिला असता आणि गिरणीत पीठ दळून म्हातारा झाला असता, पण बंदरातले इब्राहिमचाचा एकदा तांदूळ घेऊन गिरणीत आले. चाचा बोटीवर नोकरीला. सुट्टीवर आले की देशोदेशीच्या वस्तू आणायचे. त्या दिवशी शांतू पट्ट्याच्या घरघरीत सूर धरून आपल्याशीच वरच्या आवाजात गात होता, कारण तिथे कुणाला ऐकू जाणार नाही अशी त्याची समजूत. चाचांना ऐकू गेलं. संध्याकाळी टेपरेकॉर्डर काखेत मारून परत आले आणि एक कॅसेट शांतूच्या हातात दिली. वेष्टनावर एक धिप्पाड काळा माणूस, मानेला घाम, डोळे मिटलेले. चाचा म्हणाले, "ह्यो बग केवढो बापयो. आता ऐक."

मीही तिथेच होतो, म्हणून ते अजून कानात आहे. गिरण बंद, पिठाच्या पांढऱ्या धुरळ्यात आम्ही तिघे. तो माणूस आधी बोलल्यासारखं काहीतरी गायला, जाड आवाजात. मग कशावरून तरी पाय सटकावा तसा एकदम वर गेला आणि तिथेच राहिला. पातळ, उघडा, थरथरणारा आवाज... पण त्यात बायकीपण म्हणाल तर नावाला नाही. बाप्याचंच दुःख, पण बाप्याला खालच्या आवाजात सांगता न येणारं. शब्द आम्हाला ओ की ठो कळत नव्हता. मी गणिताचा माणूस, पुढे आयुष्यभर तेच शिकवलं; मला पुरावा लागतो. त्या दिवशी मला पुरावा मिळाला की तो आवाज चोरटा नाही. शांतूने कॅसेट संपल्यावर विचारलं, "हेका कोण बायलो म्हणत नाय?" चाचा हसले. "म्हणत आसतीत. पण ऐकतत."

त्यानंतर शांतू कधी गप बसला नाही. पुढे त्याने स्वतःचं मंडळ काढलं. त्या परक्या गाण्यातली वरून हळूहळू ओघळत खाली येण्याची तऱ्हा त्याने आपल्या विठ्ठलाच्या गजरात अशी मुरवली, की लोकांना वाटायचं ही कुठल्यातरी मोठ्या गुरूची देणगी. एकदा बांद्याला बारी होती. समोरच्या बुवाने माईकवरून खवचटपणे विचारलं, "बुवांनू, ही चाल खंयच्या सिनेमातली?" शांतूने शांतपणे पेटीचा भाता सोडला आणि म्हणाला, "सिनेमातली न्हय. ही बोटीवरसून इली." मंडप हसून लोटपोट झाला, ती बारी तिथेच आमची झाली. त्या काळात मी त्याच्यासाठी खास पखवाज बनवून घेतला. नेहमीचा पखवाज काळी पाचला चढवला की तोंडावरची कातड्याची पुडी फाटते, म्हणून उजवं तोंड लहान, कातडं निवडून घेतलेलं. डाव्या बाजूला लावायची कणीक शांतूच्याच गिरणीतली. प्रत्येक भजनाला तो मूठभर पीठ कागदात बांधून आणायचा आणि माझ्या पुढ्यात टाकायचा. बनवणाऱ्याने मला बजावलं होतं, मास्तर, हा पखवाज दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही. मी म्हटलं, दुसरा कोण हवाय?

एकच गोष्ट शांतूने मला शिकवली, आणि ती वाजवायची नव्हती. गजर टिपेला पोहोचला की माझे हात साहजिकच सुटायचे, जलद बोलांची लग्गी रंगात यायची. सुरुवातीच्याच एका भजनानंतर तो मला म्हणाला, "बाळा, मी वर गेलंय काय तू हात उचल. थंय माका एकट्याक सोड." मी वाद घातला. ताल सोडायचा म्हणजे काय! झीलकऱ्यांनी, म्हणजे मागे ओळ धरणाऱ्या मंडळींनी, कशावर यायचं? तो म्हणाला, "येतले. तू सोड." मी सोडलं. त्या क्षणी पखवाज नाही, झांज नाही, पेटीचा नुसता एक धागा, आणि वर शांतू. दोन आवर्तनं. मग तो ओघळत खाली येई, समेवर माझी थाप पडे आणि झीलकरी त्याला झेलून घेत. हे इतकी वर्षं झालं की माझे हात न विचारता उचलले जात. जेवताना बायकोने रेडिओ लावला तरी एखाद्या जागी माझा घास हातात थांबायचा. बायको म्हणायची, "गेलो वाटता तुमचो शांतू वर!"

आता दुःख सांगतो. हा आवाज कुठेही नाही. असं कसं, तुम्ही म्हणाल. हल्ली तर कावळ्याचं ओरडणंही मोबाइलमध्ये सापडतं. आमच्या भजनांची रेकॉर्डिंगं ढिगाने आहेत. शांतू गेल्यावर मी भाच्याला बसवून ती सगळी ऐकली. आमच्याकडचे माईकवाले सज्जन, कामाला चोख. त्यांचे कान जाड्या आवाजाला सरावलेले. शांतू वर गेला की त्यांना वाटायचं, माईकने शिट्टी धरली! आणि दर वेळी, अगदी दर वेळी, ते इमानेइतबारे बटण खाली फिरवायचे. मंडपात आम्हाला काही फरक पडत नसे. त्याचा उघडा आवाज तसाही शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा. आम्ही हसायचो. शांतू स्वतः सांगायचा, "माका बगून त्येंचो हात बटणार जाता." पण रेकॉर्डिंग व्हायचं ते माईकमधून. त्यामुळे प्रत्येक गजरात त्या जागी एक खड्डा आहे. आवाज येतो, चढतो, आणि जिथे तो खरा शांतूचा होतो तिथे काहीच नाही, नुसती खरखर. मग धाडकन झीलकरी. एकाही रेकॉर्डिंगमध्ये ती जागा नाही. भाच्याने मग मोबाइलवर चाचांच्या कॅसेटमधल्या त्या काळ्या गायकाचं गाणं शोधून लावलं. तोही जाऊन बरीच वर्षं झाली म्हणे. पण काय जपलंय त्याला लोकांनी! वर जाण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. जगभर लोक अजून ऐकतात, खाली कौतुक लिहितात. मला आनंद व्हायला हवा होता. मी भाच्याला म्हटलं, बंद कर.

शांतू जायच्या आधीच्या श्रावणात देवळातला सप्ताह होता. अखंड भजन, प्रत्येक वाडीला आपापला पार, म्हणजे गाण्याचा प्रहर, नेमून दिलेला, आमचा दुपारचा. शांतूला त्या आधीपासून दम लागत होता. जन्मभर नाकातोंडात गेलेलं पीठ म्हणा, काही म्हणा. गजर चढला, मी हात उचलले, आणि शांतूचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. नुसता वारा आला. सप्ताहात भजन तुटू द्यायचं नाही हा धर्म, त्यामुळे झीलकऱ्यांनी क्षणात ओळ उचलली, मी थाप दिली, कुणाला काही कळलं नाही. लोक नंतर येऊन "बरा झाला भजन" असंही म्हणाले. परतताना देवळाच्या पायऱ्यांवर शांतू बसला आणि म्हणाला, "वयलो गेलो रे, बाळा." मला वाटलं कुणाच्या मरणाची बातमी आलीय. विचारलं, "कोण वयलो?" त्याने गळ्याला बोट लावलं. "आता खालचो रवलो. तो जातलो तेवा जाऊंदे."

मी त्याला म्हटलं, पट्टी उतरव. काळी दोनमध्ये गा, शेकडो गातात. त्याने ऐकलं नाही. अभिमानापोटी नव्हे, म्हणाला, "खाली माका कोण वळखता?" डॉक्टर आशेचं बोलायचे, गोळ्या होत्या, वाफारे होते. मीही आशा धरली, म्हणून वर्षभर पखवाज एक केसही उतरू दिला नाही. आठवड्यातून एकदा तो काठी टेकत यायचा, माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचा. "वाजय बगू." मी थाप मारायचो. तो कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, "आसा." म्हणजे आहे, सूर जागेवर आहे. चहा घ्यायचा आणि जायचा. एवढीच आमची भजनं उरली होती. शेवटचा आला तेव्हा चहाही घेतला नाही, पण "आसा" म्हणाला.

दिवसकार्य झाल्यावर मंडळाने त्याच्या घरी भजन ठेवलं. गाणार कोण, हा प्रश्न होता, आणि माझ्या मनात त्याचं एकच उत्तर होतं. मयुरी. शांतूची एकुलती लेक, गोव्यात इस्पितळात नर्स आहे. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून तिने सगळे गजर पाठ केलेले. गळा गोड, सूर पक्का, आणि पट्टी? मुलगी, म्हणजे आपसूक काळी पाच! माझा पखवाज तिच्यासाठीच केल्यासारखा. हा आवाज जगात कुठे राहणार असेल तर या पोरीच्या गळ्यात, आणि तो तिथे राहावा एवढीच माझी इच्छा उरली होती. मी आदल्या दिवशी पखवाज निखाऱ्यावर धरून शेकला, ठोकून ठोकून सुरात आणला. ती गायली. गजर चढला, मी हात उचलले, ती वर गेली. एकही सूर इकडचा तिकडे नाही. ओघळणंही तेच, हुबेहूब. बायका डोळे पुसत होत्या, कुणीतरी म्हणालं, बुवाच इले! आणि मी हात वर धरून बसलो होतो, आणि मला कळत होतं की हे ते नाही. का नाही, ते सांगता येत नव्हतं. सुंदर होतं. पण कुणीही श्वास धरला नव्हता.

लोक गेल्यावर ती माझ्यापाशी येऊन बसली. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, "काका, मी परत नाय गावचंय." मी रागावलो. बापाचं नाव आहे, एवढी कला आहे, तू नाही तर कोण, जे जे म्हातारी माणसं बोलतात ते सगळं बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, बाबा थंय चढान जायत. माका चढूचाच लागणा नाय. मी थंयच रवतंय." मास्तरकी विसरलो. एवढं नेमकं उत्तर मला वर्गात कधी कुणी दिलं नव्हतं, आणि कुणी देऊ नये. ती पुढे म्हणाली, "लोकांका बाबांसारख्या वाटता. तुमका नाय वाटूक. माका पण नाय." तिचे डोळे भरले आणि माझेही. पहाटेच्या एसटीने ती गोव्याला गेली. गिरणीला कुलूप आहे.

त्यानंतर मी पखवाज चुलीवर टांगला नाही. ठरवून नव्हे. पुढच्या खोलीत कोपऱ्यात ठेवला आणि तिथेच राहिला. बायकोने एकदोनदा विचारलं, "वर टांगूचो नाय?" मी म्हटलं, बघू. पाऊस धरून होता. येता-जाता थाप मारायचो. आधी काळी पाचच्या किंचित खाली, मग काळी चार... कातडं दमट हवेत आपलं आपण उतरत होतं. हातोडी शेजारीच होती. चढवायला मिनिटं लागतात. पण "आसा" म्हणायला कोणी नसताना मी कुणासाठी ठोकत बसू? मग मी थाप मारायचंही सोडलं.

चतुर्थी आली. आमच्याकडे गणपतीत भजन घरोघरी जातं, कुणाच्या मरणाने थांबत नाही, थांबूही नये. वाडीतला निलेश आता बुवा झालाय, चांगला आहे पोरगा, आवाज भरदार. त्याचा पखवाजवाला मुंबईहून आला नव्हता, म्हणून तो मला न्यायला आला. मी सांगितलं, माझा पखवाज तुला चालायचा नाही, तो शांतूच्या पट्टीचा. निलेशने कोपऱ्यातला पखवाज पुढ्यात ओढला, थाप मारली, गुणगुणून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "मास्तरांनू, माझ्या काळी तीनाक बरोबर लागलोहा. ठोकूचो पण लागणा नाय!" मला वाटतं, शांतू खरा गेला तो तेव्हा. मी शर्ट घातला आणि निघालो.

पहिल्याच घरी, गजर टिपेला आला आणि माझे हात उचलले गेले. मी उचलले नाहीत, ते गेले. निलेश खालीच होता, त्याला वर जायचं नव्हतं. तो गोंधळून थांबला. झीलकरीही थांबले. गणपतीपुढच्या माळेचे दिवे लुकलुकत होते, पंखा फिरत होता, आणि त्या दोन आवर्तनांत कुणीही नव्हतं. मग समेवर माझी थाप पडली आणि सगळे सुटल्यासारखे गायला लागले. आरती झाल्यावर निलेशने हळूच विचारलं, "मास्तरांनू, हात सुटलो काय?" मी म्हटलं, "होय रे. वय झाला." उसळ-पाव खाताना ते आपसात काहीतरी बोलत होते. दुसऱ्या घरी तोच गजर, त्याच जागी माझे हात उठले, आणि तेवढ्यात मागून झांजवाल्याने खणखणीत झांज धरली. दोन आवर्तनं नुसती झांज. घरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. निलेश मागे वळून मला म्हणाला, "बगलात, बरी वाटली मा? थंय आता झांजच ठेवया." तेव्हापासून तिथे झांज आहे.